पाइपच्या स्टेमसाठी मायक्रोमेशचे नऊ पॅड: शेवटच्या टप्प्याला उत्तम, पहिल्याला बिनकामाचे

तंबाखूच्या पाइपचं व्हल्कनाइटचं, म्हणजे कडक काळ्या रबराचं स्टेम (तोंडात धरायची नळी) हिरवट-तपकिरी पडलं की पाइपवाले सगळ्यात आधी मायक्रोमेशचा, म्हणजे घासून चमक आणायच्या कापडाचा, नऊ पॅडचा संच मागवतात. माल चांगला आहे, त्यात वाद नाही. पण ज्या कामासाठी तो बहुतेक वेळा घेतला जातो ते काम त्याच्याने होत नाही. आणि जे काम तो झकास करतो, त्याची पाळी येईपर्यंत निम्म्याहून जास्त मेहनत ठाण्यातल्या कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या पाणी पेपरने झालेली असावी लागते. परीक्षण या संचाचंच आहे, पण पाणी पेपर, कपड्यांचे डाग काढायची पावडर, वागळे इस्टेटमधला बफिंगवाला आणि केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्याचा निकाल लागत नाही.

संचात दोन इंची चौकोनी नऊ पॅड येतात: १५००, १८००, २४००, ३२००, ३६००, ४०००, ६०००, ८००० आणि १२०००. आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. मधे फोम, दोन्ही बाजूंना घासायचं कापड. हे कापड विमानांच्या ॲक्रिलिक खिडक्यांवरचे ओरखडे काढायला वापरलं जातं, आणि त्याची सगळी खुबी तिथूनच कळते. साध्या पेपरवर दाणे कडक डिंकात रोवलेले असतात. इथे ते लवचीक थरावर बसवलेले असतात, त्यामुळे दाब वाढला की दाणा आत दबतो आणि ओरखडा ठरावीक खोलीच्या पुढे जात नाही. म्हणून चमक एकसारखी येते, एखादाच खोल चरा उठून दिसत नाही.

याच गुणाची दुसरी बाजू अशी की पॅड पृष्ठभागाच्या चढउतारांबरोबर वर-खाली होतो. ऑक्सिडेशन झालेल्या, म्हणजे उजेडाने आणि हवेने तपकिरी पडलेल्या स्टेमवर बारीक बारीक खड्डे असतात आणि तपकिरी थर त्यांच्या तळाशीही असतो. लवचीक पॅड खड्ड्याच्या कडा गुळगुळीत करतो आणि तळ तसाच सोडतो. मग तयार होतं ते चकचकीत तपकिरी स्टेम. 'बारा हजारापर्यंत गेलो, तरी काळं होत नाही,' ही तक्रार सर्रास ऐकू येते, तिचं कारण हे आहे. अशा स्टेमवर तेलाचा हात फिरवला की चार दिवस काळंभोर दिसतं, पाचव्या दिवशी पुन्हा शेवाळी.

थर कशाचा आहे ते थोडक्यात. व्हल्कनाइट म्हणजेच एबोनाइट: नैसर्गिक रबरात साधारण तीस टक्के गंधक घालून भाजलेला पदार्थ. टायरच्या रबरात गंधक जेमतेम दोन-तीन टक्के असतो, त्यावरून अंदाज यावा. कडक रबराचं पेटंट नेल्सन गुडइयरने १८५१ मध्ये घेतलं, तेव्हापासून हा दोष त्याच्यासोबत आहे. प्रकाश, त्यातही अतिनील किरण, रबर आणि गंधक यांचे बंध तोडतात. पुढचं काम हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा करतात. पृष्ठभागावर गंधकाची आम्लं धरतात, म्हणून ओठाला कडू-तुरट चव लागते आणि स्टेम बोटांनी जोरात चोळलं की गंधकाचा वास येतो. पाइप वापरात आहे की आजोबांची आठवण म्हणून शोकेसमध्ये आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उलट शोकेसमधलाच लवकर बिघडतो, कारण तो सतत उजेडात असतो. रॅकमधल्या पाइपची एकच बाजू जास्त हिरवी दिसली, तर ती खिडकीकडची समजावी.

ॲक्रिलिकच्या स्टेमला यातलं काही होत नाही. ओळख सोपी आहे: दातावर हलकेच टेकवलं तर ॲक्रिलिक काचेसारखं टक् वाजतं, व्हल्कनाइट मऊ, बसका आवाज करतं. चोळल्यावर वास येत नसेल आणि रंग कुठेच उडालेला नसेल, तर हाताशी ॲक्रिलिक आहे. तिथे मायक्रोमेशला तोड नाही. थेट १५०० पासून सुरू करावं आणि या लेखाचा मधला भाग सोडून द्यावा. एवढं मात्र लक्षात ठेवायचं की ॲक्रिलिकला आत-बाहेर कुठेही अल्कोहोल लावायचं नाही, त्याने बारीक तडे जातात. कोमट साबणपाणी पुरे.

आता आकड्यांचा घोळ. या संचाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. मायक्रोमेशचे आकडे पाणी पेपरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. पॅडवरचा १५०० म्हणजे पाणी पेपरचा १५०० नव्हे. तो पाणी पेपरच्या ४०० ते ८०० यांच्या दरम्यान कुठेतरी बसतो. त्यामुळे जो माणूस पाणी पेपरने ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० अशी शिडी चढतो आणि मग मायक्रोमेशच्या १५०० ला हात घालतो, तो चार पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढत असतो. नुकसान फार नाही, पण पाऊण तास वाया जातो आणि स्टेमचा मालही उगाच झिजतो. एक तर पाणी पेपर ६०० किंवा ८०० वर थांबवून १५०० चा पॅड घ्यावा, नाहीतर पाणी पेपर २००० पर्यंत नेऊन थेट ३६०० किंवा ४००० चा. दुसरा रस्ता स्वस्त पडतो, कारण मग नऊतले चार-पाच पॅड लागतच नाहीत.

कामाला सुरुवात पॅडने करायचीच नाही. पाइप पूर्ण थंड असताना स्टेम फिरवत काढायचं. गरम असताना ओढलं तर टेनन (स्टेमचं पाइपमध्ये बसणारं टोक) मुळाशी मोडू शकतो आणि मग पॉलिशचा प्रश्नच उरत नाही. आतली नळी पाइप क्लीनर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करायची, क्लीनर पांढरा निघेपर्यंत. अल्कोहोलचा थेंब ब्रायरच्या, म्हणजे पाइपच्या लाकडी भागाच्या बाहेरच्या अंगावर पडू द्यायचा नाही. तिथे शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश असेल तर ते विरघळतं.

दातांचे खळगे असतील तर ते घासण्याआधी उठवायचे. व्हल्कनाइटला आकाराची आठवण असते, तापवलं की दबलेला भाग बराचसा वर येतो. नळीत पाइप क्लीनर घालून ठेवावा म्हणजे भोक मिटत नाही. लायटरची ज्योत दोन-तीन सेंटिमीटर खाली धरून स्टेम सारखं फिरवत राहायचं, पाच ते दहा सेकंद, मग थांबून पाहायचं. एकाच जागी धरलं तर फुगा येतो किंवा जळतं. उकळत्या पाण्यात बुडवूनही खळगे उठतात, आणि नवख्या हाताला तोच मार्ग सुरक्षित आहे. पण गरम पाण्याने स्टेम आणखी तपकिरी पडतं, म्हणून हे आधी आणि घासणं नंतर. क्रम उलटा झाला तर सगळी घासाघीस पुन्हा. वाकड्या स्टेमचं तोंडच तापवा, बाकाचा भाग नको. तिथे उष्णता पोचली की बाक मोकळा होऊन स्टेम सरळ व्हायला लागतं.

न उठलेला खोल खळगा सायनोअॅक्रिलेट गोंदात काळी कोळशाची पूड कालवून भरता येतो. भर किंचित उंच ठेवावी, रात्रभर सुकू द्यावी, मग बारीक कानसने पातळीला आणावी. दिसायला पहिल्या दिवशी बेमालूम असतं. पुढे आजूबाजूचं व्हल्कनाइट फिकं पडलं की भरलेला ठिपका काळाच राहतो आणि चुगली करतो.

मग भिजवण. यासाठी परदेशातून डीऑक्सिडायझरची बाटली मागवायची गरज नाही. वाण्याकडे डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर मिळते, तिच्यात सोडियम परकार्बोनेट असतं, तेच हवं. पाव लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा, स्टेम पूर्ण बुडेल अशा उभ्या ग्लासात, चार ते बारा तास. पाणी पिवळट-तपकिरी होतं. बाहेर काढलेलं स्टेम आधीपेक्षा वाईट दिसतं, राखाडी-हिरवं आणि निस्तेज. घाबरू नये. थर फुगून सुटा झालेला असतो, तो काढणं आता सोपं. ओल्या खरखरीत फडक्याने किंवा मेलामाइनच्या पांढऱ्या स्पंजने चोळलं की मोहरीच्या रंगाचा राप उतरतो. हातमोजे घालावेत, पावडर कातडी कोरडी पाडते.

घरातलं क्लोरीनचं ब्लीच हा जुना उपाय अजून सांगितला जातो. तो थर झपाट्याने काढतो हे खरं, पण पृष्ठभाग खाऊन अगणित बारीक खड्डे पाडतो. मग ते खड्डे काढायला आणखी घासावं लागतं. स्टेमवर धातूची कडी किंवा चांदीचा ठिपका असेल तर ब्लीच बादच. पावडरच्या पाण्यातही असे भाग बुडवू नयेत. स्टेमवर कोरलेल्या कंपनीच्या चिन्हावर व्हॅसलिनचा जाड थर द्यावा, घासताना त्यावर चिकटपट्टी. चिन्ह पुसलं गेलं की परत येत नाही, आणि जुन्या पाइपची किंमत बऱ्याचदा त्या चिन्हातच असते.

आता पाणी पेपर, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा काळा, पाण्यात भिजवून वापरायचा पेपर. जांभळी नाक्याच्या बाजारात आणि स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानांत ४००, ६००, ८०० सहज मिळतात. १५०० आणि २००० साठी गाडीच्या रंगाचं सामान विकणारं दुकान गाठावं, रंगारी वापरत नाहीत म्हणून साधे दुकानदार ते ठेवत नाहीत. एक ताव चहा-वड्याच्या पैशात येतो आणि एका तावात तीन-चार स्टेम होतात. तीन इंच लांब, इंचभर रुंद पट्ट्या कापून पाण्यात पाच मिनिटं भिजवाव्यात. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की पेपर लवकर तुंबत नाही. काम ओलंच करावं. कोरडं घासलं तर गंधकाचा वास घरभर होतो आणि धूळ नाकात जाते.

४०० सगळीकडे नको. जिथे खड्डे किंवा दातांचे चरे आहेत तिथेच, आणि तेही बेताने. बाकी स्टेमला ६०० पासून सुरुवात. एका नंबरने लांबीच्या दिशेने घासायचं, पुढच्याने आडवं. आधीच्या नंबरच्या सगळ्या रेघा गेल्याशिवाय पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. दिशा बदललेली असल्याने राहिलेली रेघ लगेच उघडी पडते. सगळ्यांनी एकाच दिशेने घासलं तर ४०० ची एक रेघ १२००० पर्यंत लपून राहते आणि शेवटी उजेडात चमकते.

थर गेला हे कसं ओळखायचं? सुरुवातीला पेपरवर येणारा गाळ तपकिरी-पिवळा असतो, चांगला माल लागला की तो राखाडी-काळा होतो. ओल्या स्टेमवर मात्र विश्वास ठेवू नये. पाणी असो की तेल, दोन्हींखाली कुठलंही व्हल्कनाइट काळंच दिसतं. पुसून, दहा मिनिटं पंख्याखाली वाळवून, खिडकीच्या तिरप्या उजेडात पाहावं. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात पुसावं. फडक्यावर पिवळी छटा आली तर काम बाकी आहे. कम्बरलँड, म्हणजे तांबड्या-काळ्या रेघांचं व्हल्कनाइट असेल तर गाळाची परीक्षा चालत नाही, त्याचा गाळ मुळातच तपकिरी. तिथे वाळल्यावर तांबड्या रेघा स्वच्छ दिसतात की शेवाळी, एवढंच पाहायचं.

ओठाकडच्या कडेखाली, जिथे दात टेकतात त्या खाचेत, थर हमखास राहतो. आइस्क्रीमच्या काडीवर पेपर दुमडून तिथे काम करावं. बोटाने दाबलं तर कड गोल होते, आणि गोल झालेल्या कडेचा पाइप तोंडात धरवत नाही. दुसरी धोक्याची जागा स्टेम आणि शँकचा (ब्रायरच्या दांड्याचा) जोड. स्टेम सुटं ठेवून तिथे घासलं तर खांदा गोलावतो आणि पाइप जोडल्यावर फट दिसते. जुन्या एटीएम कार्डाच्या चकतीला टेननएवढं भोक पाडून ती टेननवर चढवावी आणि खांद्याशी टेकवून ठेवावी. पेपर चकतीला थांबतो, काठ धारदार राहतो. पाइप जोडलेला ठेवून दोन्ही एकत्र घासायचे तर ब्रायरवर चिकटपट्टी हवी.

हे सगळं झालं की नऊ पॅडांची पाळी, आणि इथे ते पैसे वसूल करून देतात. पहिले तीन ओले: १५००, १८००, २४००. नंतरचे सहा कोरडे किंवा जेमतेम ओलसर. प्रत्येकी मिनिट-दीड मिनिट पुरतं. जास्त वेळ घासून जास्त चमक येत नाही, आधीचा नंबर पुरता न झाल्यामुळे चमक अडलेली असते. दोन पॅडांच्या मधे स्टेम धुवायचं आणि पाणी बदलायचं. एका वाटीत नऊही पॅड बुडवले की १५०० चा सुटा दाणा ८००० च्या पॅडला चिकटतो आणि तो पॅड कायमचा बिघडतो. तीन-तीन पॅडांनंतर तेलाचा एक थेंब चोळून पुसायची पद्धत आहे. त्याने राहिलेले ओरखडे दिसायला मदत होते, पण ऑक्सिडेशन पाहायचं असेल तेव्हा तेल नको.

४००० नंतर खरा फरक दिसायला लागतो. ६००० ला प्रतिबिंब धूसर उमटतं, १२००० ला ट्यूबलाइटची कड सरळ दिसते. कारखान्यातून आलेल्या नव्या पाइपइतकी ही चमक नक्कीच असते, बऱ्याचदा काकणभर सरसच. हाताच्या कामासाठी बाजारात यापेक्षा चांगलं काही नाही. टूथपेस्ट आणि पितळ चमकवायचं द्रव यांनीही चमक येते, पण ती मधल्या कुठल्यातरी पायरीवर अडते. पितळेच्या पॉलिशचा अमोनियाचा वास स्टेमच्या तोंडाशी दरवळत राहतो. तोंडात घ्यायच्या वस्तूला ते न लावलेलं बरं. पॅड संपले की भोकात पाइप क्लीनर फिरवून साबणपाण्याने गाळ काढावा, पाणी थंडच.

एवढी झंझट कोण करणार, वागळे इस्टेटमध्ये बफिंगवाल्याकडे दिलं की पाच मिनिटांत होईल, असा विचार मनात येतोच. धातूला ते ठीक. स्टेमचं काम तिथे बिघडतं ते वेगामुळे. अमेरिकन मार्गदर्शनात बफिंगसाठी मिनिटाला १७२५ फेऱ्यांची मोटर सांगितलेली असते. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०, त्यामुळे तीच चार पोलची मोटर इथे साधारण १४४० फेऱ्यांवर चालते. स्टेमला ती उत्तम: सहा इंची चाकाची कड सेकंदाला साडेअकरा मीटरने फिरते. धातूच्या गाळ्यात मात्र बऱ्याचदा दोन पोलची २८८० ची मोटर आणि आठ इंची चाक असतं, म्हणजे कडेचा वेग तीस मीटर. व्हल्कनाइट दोन सेकंदांत तापून मऊ पडतं, ओठाकडची कड वितळल्यासारखी गोल होते, कोरलेलं चिन्ह पुसट होतं आणि गंधकाचा वास सगळ्या गाळ्यात पसरतो. चाकावर आधीच्या कामाचे पितळेचे, स्टीलचे कण असतात, ते लांब चरे पाडतात. शिवाय चाकही तपकिरी थर पूर्ण काढत नाही. तापून मऊ झालेला माल त्याच्यावर फासला जातो.

द्यायचंच असेल तर आपलं नवीन सुती चाक आणि पॉलिशची पांढरी बारीक वडी घेऊन जावं, १४४० ची मोटर आहे का ते विचारावं, खांद्याला आणि चिन्हाला चाक लावू नका असं बजावून सांगावं आणि तिथेच उभं राहावं. घरी १४४० ची मोटर बसवलेली असेल तर शेवटच्या पॅडनंतर कार्नोबा मेणाचा हलका हात द्यायला हरकत नाही. कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना वितळतं, चाकाच्या घर्षणाशिवाय ते पसरत नाही. त्यामुळे मेणाची वडी हाताने स्टेमवर घासत बसण्यात अर्थ नाही. ब्रायरवर ते टिकतं. स्टेमच्या ओठाकडच्या भागावर उष्णता, ओलावा आणि दात यांच्यापुढे त्याचा फार निभाव लागत नाही.

आता टिकवणं. खास स्टेमसाठी म्हणून विकलं जाणारं ऑब्सिडियन ऑइल चांगलं आहे, पण त्याच्यासाठी आयातीचा खर्च करण्याइतका फरक दिसत नाही. नौपाड्यातल्या कुठल्याही केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन आयपी मागावं. रंग नाही, वास नाही, खवट होत नाही. दोन-तीन थेंब संपूर्ण स्टेमला चोळावेत, रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या सुती फडक्याने पुसावं. चिकटपणा राहिला तर धूळ धरते. खोबरेल आणि ऑलिव्ह तेल खवट होतात, ते नकोतच. व्हॅसलिन चालतं, पण भोकात साचतं.

तेलाकडून अपेक्षा मात्र माफक ठेवावी. ते हवा आणि ओल थोडी अडवतं, उजेड अडवत नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेला रॅक दर आठवड्याला तेल लावूनही हिरवा पडणारच. काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते, सगळे नाही. उपाय फुकट आहे: पाइप ड्रॉवरमध्ये किंवा सुती पिशवीत. पावसाळ्यात ब्रायरला बुरशी धरू नये म्हणून तो आधी पूर्ण सुकवून ठेवावा, हवाबंद डब्यात नको. चांदीचं कडं असलेला पाइप व्हल्कनाइटच्या चार पाइपांबरोबर बंद डब्यात ठेवला तर चांदी काळवंडते. स्टेममधून सुटणारा गंधक तिच्यावर बसतो.

वापरानंतर स्टेम कोरड्या फडक्याने पुसणं ही सवय कुठल्याही तेलापेक्षा जास्त कामाची आहे. लाळेचा ओलावा राहतो तिथेच थर आधी धरतो. गीझरच्या पाण्याखाली स्टेम धुवायचं नाही, कधीच. क्लॅरिनेट वाजवणारे माउथपीस गरम पाण्यात घालत नाहीत ते याच कारणाने, तोही बहुधा एबोनाइटचाच असतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर एका दुपारीत दुहेरी नुकसान होतं, रंगही जातो आणि बाकही मोकळा होतो.

हे पाळलं तर पाणी पेपर पुन्हा हातात घ्यावा लागत नाही. वर्ष-सहा महिन्यांत पुसट छटा दिसली तर तेव्हा मात्र मायक्रोमेश एकटा पुरतो, २४०० पासून वर. पहिल्या मोठ्या सफाईपेक्षा या देखभालीसाठीच संच जास्त उपयोगाचा आहे. प्रत्येक वेळी खोल घासलं तर दातांखालची जागा पातळ होत जाते, आणि ती परत भरून येत नाही.

खरेदीबद्दल. पॅड वापरून झाल्यावर धुवावेत आणि सावलीत वाळवावेत, नीट वापरले तर अनेक स्टेम होतात. १५०० आणि १८०० आधी झिजतात, बारीक पॅड बरेच टिकतात. काहींचे रंग जवळजवळ सारखे असतात आणि छापलेला आकडा पाण्याने जातो, म्हणून पहिल्याच दिवशी फोमच्या कडेवर पक्क्या मार्करने आकडा लिहून ठेवावा. रेझिनचं काम करणाऱ्यांसाठी आणि नखांसाठी म्हणून याच आकड्यांचे निनावी संच ऑनलाइन निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. काही चालतात. काहींत कापड पाण्याने फोमपासून सुटतं आणि १२००० चा पॅड ४००० सारखा ओरखडतो. तपासायला जुनी सीडी घ्यावी, चकचकीत बाजूवर १२००० चा पॅड हलक्या हाताने दहा वेळा फिरवावा. धुकट झाक आली तर ठीक, सुट्या रेघा मोजता आल्या तर तो पॅड स्टेमला लावू नये.

एक-दोनच पाइप असतील तर अख्खा संच घेऊ नका. २००० पर्यंतचा पाणी पेपर आणि कुणाकडून तरी सुटे ४०००, ८००० आणि १२००० मिळाले तर नव्वद टक्के चमक येते. सुटे पॅड ठाण्यात दुकानात मिळणं कठीण, मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला घासकामाच्या सामानाच्या दुकानांत विचारावं, नाहीतर ऑनलाइन. पाच-सहा पाइप असतील, किंवा घरात एबोनाइटची शाईपेनंही असतील, तर मूळ कंपनीचाच संच घ्यावा. पेनाला भिजवण मात्र देऊ नका. आतली शाई आणि क्लिपचा धातू, दोन्ही त्या पाण्यात बिघडतात.